तालुक्याचे कॉलेज कुणाला बांधील?

महाराष्ट्रात कॉलेज नसलेला तालुका आता शोधावा लागतो. तालुक्याच्या गावी कॉलेज आले की खोल्या भाड्याने जातात, खाणावळी आणि झेरॉक्सची दुकाने निघतात, सकाळच्या एस.टी.त उभे राहायला जागा उरत नाही. एवढा फरक सगळ्यांना दिसतो. पण त्या कॉलेजमुळे तालुक्यातल्या शेतात, गॅरेजात, दूध संकलन केंद्रात, दवाखान्यात चालणारे काम सुधारले का आणि त्या कामाचा मोबदला वाढला का, हे विचारणारे कमी. मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. ग्रामीण भागातली कुटुंबे शिक्षणावर जो पैसा घालतात तो बहुधा जमिनीच्या, दुधाच्या किंवा मजुरीच्या उत्पन्नातून काढलेला असतो. त्या पैशाने मुलाचे भले व्हावे ही अपेक्षा असते, तशी तो पैसा जिथून आला त्या गावाचेही काही व्हावे, ही अपेक्षा गैर नाही.

याच अपेक्षेसाठी अमेरिकेत वेगळ्या प्रकारची संस्था घडत गेली, ती म्हणजे कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षांचे शिक्षण, कमी फी, वयाची अट नाही, प्रवेशासाठी गुणांची चाळण नाही, आणि घरून ये-जा करता येईल इतके जवळ. यातले सर्वांत जुने सार्वजनिक कॉलेज इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी 1901 मध्ये सुरू झाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची त्यामागची कल्पना साधी होती. विद्यापीठाची पहिली दोन वर्षे मुलांनी आपल्याच गावात करावीत आणि मग पुढे जावे. म्हणजे सुरुवातीला ही गाव सोडण्याचीच तयारी होती, फक्त स्वस्तातली. गावच्या रोजगाराशी तिचा संबंध नंतर जुळला. मिसिसिपीसारख्या शेतीप्रधान राज्यात 1920 च्या दशकात शेतकी माध्यमिक शाळांनाच वरचे वर्ग जोडले गेले आणि त्यांतून अशी कॉलेजे तयार झाली. अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने 1947 मध्ये 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ केले. आज त्या देशात अशी सुमारे एक हजार कॉलेजे आहेत.

त्यांची एक गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत नेहमी सुटते, ती पैशाची. अनेक राज्यांत या कॉलेजांच्या खर्चाचा एक हिस्सा स्थानिक मालमत्ता करातून येतो आणि कित्येक ठिकाणी त्यांचे विश्वस्त मंडळ त्याच भागातले मतदार निवडून देतात. शेतकऱ्याच्या कराच्या पावतीवर कॉलेजची रक्कम वेगळी छापलेली असते. त्यामुळे कॉलेजने वेल्डिंगचा वर्ग बंद केला किंवा नर्सिंगच्या जागा वाढवल्या, तर त्याचा जाब विचारण्याचा अधिकार त्या शेतकऱ्याला आपोआप मिळतो. अभ्यासक्रम, इमारती, यंत्रे यांची नक्कल करता येते. हे नाते मात्र नकलेने येत नाही, आणि पुढचे बरेचसे यशापयश याच नात्यावर ठरत गेले असे मला वाटते.

उत्तर कॅरोलायना हे राज्य या बाबतीत सर्वांत शिकण्यासारखे आहे. तंबाखू, कापड आणि लाकडी फर्निचर यांवर जगणारे हे राज्य 1950 च्या दशकात गरीब होते. गव्हर्नर ल्यूथर हॉजेस यांच्या काळात तिथे औद्योगिक शिक्षण केंद्रे निघाली आणि 1963 च्या कायद्याने त्यांची कम्युनिटी कॉलेजे झाली. आज अशी 58 कॉलेजे आहेत, आणि राज्यातल्या जवळपास कुठल्याही घरापासून अर्ध्या तासाच्या गाडीरस्त्यावर त्यांतले एक तरी सापडते. नवा कारखाना राज्यात आला की त्याचे कामगार कॉलेज फुकट तयार करून देईल, हे आश्वासन तिथे 1958 पासून दिले जाते. आयोवा राज्याने 1983 मध्ये याची वेगळी आर्थिक रचना केली. विस्तार करणाऱ्या कारखान्याच्या नव्या कामगारांच्या प्रशिक्षणासाठी कॉलेज रोखे विकून पैसा उभा करते. त्या कामगारांच्या पगारातून कापला जाणारा राज्याचा प्राप्तिकर काही काळ सरकारकडे न जाता कॉलेजकडे वळवला जातो आणि त्यातून रोखे फेडले जातात. नोकरी खरोखर निर्माण झाली तरच पैसा परत येणार, अशी ती व्यवस्था आहे.

यावर रास्त आक्षेप आहेत. सार्वजनिक पैशातून एका खासगी कंपनीला हवे तसे कामगार घडवून द्यायचे, आणि कंपनीने दहा वर्षांनी गाशा गुंडाळला तर त्या माणसाच्या हातात काय उरले? हा प्रश्न उत्तर कॅरोलायनातच फार कठोरपणे समोर आला. कॅनापोलिस हे टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या गिरणीभोवती वसलेले गाव. एकेकाळी तिथली घरेसुद्धा गिरणीच्या मालकीची होती. 30 जुलै 2003 रोजी ती गिरणी चालवणारी पिलोटेक्स कंपनी बंद पडली आणि राज्यात साडेचार हजारांहून जास्त माणसे एका दिवसात बेकार झाली. राज्याच्या इतिहासातली तोवरची ही सर्वांत मोठी कामगारकपात होती. त्यांतल्या अनेकांनी शालेय शिक्षणही पुरे केले नव्हते, कारण गिरणीत त्याची गरजच पडली नव्हती.

तिथल्या रोवन-कॅबारस कम्युनिटी कॉलेजने या माणसांना आत घेतले. पन्नाशीतल्या बाया-माणसांना आधी शालान्त परीक्षेच्या तोडीचे प्रमाणपत्र मिळवून द्यायचे, मग संगणक, मग आरोग्यसेवा, वातानुकूलन किंवा कार्यालयीन काम, असा तो क्रम होता. सगळ्यांना पूर्वीइतका पगार पुन्हा मिळाला नाही. कित्येकांना वयामुळे कुणी कामावर घेतले नाही. नंतर गिरणीच्या जागेवर संशोधन संकुल उभे राहिले, पण तिथल्या प्रयोगशाळांना हवी असलेली माणसे वेगळी होती. कॉलेजने गावाला वाचवले असे म्हणता येणार नाही. पण बेकार झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जाण्यासाठी एक जागा होती, तिथे त्याचे नाव लिहून घेतले जात होते, आणि त्या जागेची फी त्याला परवडत होती.

मराठी वाचकाला इथे मुंबई आठवल्याशिवाय राहणार नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यांतले असंख्य कोकणात, साताऱ्या-सांगलीकडे, घाटावर आपल्या गावी परतले. आयुष्यभर यंत्रावर काम केलेली ही कुशल माणसे होती. यंत्राचा आवाज ऐकून दोष सांगणारे जॉबर, फिटर, ऑइलर त्यांत होते. चाळिशीतल्या त्या माणसाला सामावून घेऊन नवे काम शिकवील अशी संस्था त्याच्या तालुक्यात नव्हती. 1950 पासून चालत आलेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआय निघाल्या होत्या, पण त्यांची रचना शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांसाठी होती. एवढे कौशल्य गावाकडे चालत आले आणि गावाला त्याचा फार थोडा उपयोग करून घेता आला. ग्रामीण महाराष्ट्राच्या अर्थकारणात झालेल्या नुकसानीत मी हे नुकसान फार वर धरतो.

अमेरिकेतल्या अभ्यासकांनी या कॉलेजांवर दोन मोठे आरोप केले आहेत आणि दोन्ही आपल्याला लागू पडतात. पहिला आरोप समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांचा. 1960 मध्ये त्यांनी दाखवले की गरीब घरची मुले मोठी स्वप्ने घेऊन येतात आणि ही कॉलेजे हळूहळू, गोड बोलून, त्यांची स्वप्ने लहान करतात. सगळ्यांना प्रवेश मिळतो, पण विद्यापीठापर्यंत थोडेच पोचतात. दुसरा मुद्दा पॅट्रिक कार आणि मारिया केफालस या जोडप्याने 2009 मध्ये मांडला. आयोवातल्या एका छोट्या गावात राहून त्यांनी पाहिले की शिक्षक, पालक, सगळे गाव मिळून हुशार मुलांवर मेहनत घेते आणि त्यांना बाहेर पाठवते. जी मुले गावातच राहणार, शेती, कारखाना, दुकान चालवणार, त्यांच्या शिक्षणावर मात्र कुणी फारसे लक्ष देत नाही. म्हणजे गाव आपली गुंतवणूक स्वतःच निर्यात करते.

पहिला आरोप सांगतो की कॉलेज गरिबाला गावातच अडकवते, दुसरा सांगतो की शिक्षण गाव रिकामे करते. वरवर हे परस्परविरोधी वाटतात, पण दोन्हींचे मूळ मला एकच दिसते. कामाचे शिक्षण आणि पदवीचे शिक्षण यांच्यात भिंत घातली की एका बाजूची मुले खाली राहतात आणि दुसऱ्या बाजूची निघून जातात. म्हणून ज्या अभ्यासक्रमांतून गावात टिकणारे काम मिळते आणि पुढची वाटही बंद होत नाही, ते शोधून पाहावे लागतात. नर्सिंग हा त्यांतला सर्वांत यशस्वी. अमेरिकेच्या ग्रामीण भागात इस्पितळ हा बहुधा मोठा रोजगारदाता असतो आणि दोन वर्षांची पदवी घेतलेल्या परिचारिकांवर त्याची बरीच मदार असते. परीक्षा देऊन त्या नोकरीला लागतात आणि नोकरी करता करता पुढची पदवी घेऊ शकतात. दुसरे उदाहरण आयोवातल्या एस्थरविलच्या आयोवा लेक्स कॉलेजचे. परिसरात पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या तेव्हा 2004 मध्ये त्यांनी पवनऊर्जा तंत्रज्ञांचा अभ्यासक्रम काढला आणि लगेच कॉलेजच्या मालकीची मोठी पवनचक्कीच उभारली. विद्यार्थी तिच्यावर चढून शिकतात. पवनचक्की कंपनीबरोबर दुसऱ्या देशात हलवता येत नाही, तिची देखभाल तिथेच राहणाऱ्या माणसाला करावी लागते. साताऱ्यात वनकुसवड्याच्या पठाराखाली किंवा धुळ्यात ब्राह्मणवेलजवळ राहणाऱ्याला हे उदाहरण परके वाटायचे कारण नाही.

भारतात ही कल्पना अलीकडे आली असा समज आहे. ती स्वातंत्र्याबरोबरच आली होती, आणि तिचा अमेरिकेशी थेट संबंध होता. विद्यापीठीय शिक्षणावर नेमलेल्या 1948 च्या राधाकृष्णन आयोगाचे एक सदस्य आर्थर मॉर्गन हे होते. टेनेसी नदीखोऱ्याच्या विकास प्राधिकरणाचे ते पहिले अध्यक्ष आणि त्याआधी अँटिऑक कॉलेजचे प्रमुख. तिथे विद्यार्थी आलटून पालटून काही महिने वर्गात आणि काही महिने प्रत्यक्ष नोकरीत शिकत. आयोगाच्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांवर जे प्रकरण आहे त्यावर मॉर्गन यांची छाप स्पष्ट दिसते. वर्ध्याला 1937 मध्ये मांडल्या गेलेल्या, हाताच्या कामातून शिकवण्याच्या नई तालीमशीही तो विचार जुळणारा होता. त्यातून 1956 पासून देशात ग्रामीण उच्च शिक्षण संस्था सुरू झाल्या. आपल्याकडे अमरावती आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातली गारगोटी ही त्यांची ठिकाणे होती.

गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत जे. पी. नाईक यांचा मोठा वाटा होता. हेच नाईक पुढे 1964 ते 1966 च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले आणि कार्यानुभव, व्यवसाय शिक्षण हे शब्द देशाच्या शैक्षणिक धोरणात आले. डोंगराळ, पावसाळी तालुक्यात बालवाडीपासून उच्च शिक्षणापर्यंत सगळे एकाच आवारात आणि सभोवतालच्या गावांशी जोडून चालवायचे, हा तो प्रयोग होता. ग्रामसेवा, ग्रामीण स्थापत्य, शेती यांच्या पदविका तिथे दिल्या जात. या संस्था मंदावल्या त्याचे कारण शिकवण्यातल्या उणिवेपेक्षा बाहेर जास्त होते. विद्यापीठांनी त्या पदविकांना पदवीचा मान देण्यात हात आखडता घेतला. गावच्या मुलाने हे ओळखले आणि तो बी.ए.कडे वळला. कालांतराने बहुतेक ग्रामीण संस्था विद्यापीठांशी संलग्न होऊन इतरांसारख्या झाल्या. क्लार्क यांचा आरोप आपल्या विद्यार्थ्यांनी कुठलाही ग्रंथ न वाचता ओळखला होता.

पैशाचे उत्तर मात्र महाराष्ट्राने स्वतःच्या वाटेने शोधले होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून 1950 मध्ये प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे अशा कारखान्यांनी सभासदांच्या ऊस बिलातून टनामागे काही रक्कम कापून शाळा, कॉलेजे, तंत्रनिकेतने उभारली. अमेरिकन शेतकऱ्याच्या मालमत्ता कराचा हा आपला अवतार म्हणता येईल, आणि तो कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा जास्त टिकला. रयत शिक्षण संस्थेत कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' रुजवले तेही याच मातीत. वसतिगृहातली मुले शेतात राबून आपला खर्च भागवत, आणि ज्या गावांनी धान्य दिले त्यांना ती संस्था आपली वाटे.

फरक पडला तो कारभारात. कारखान्याचे संचालक मंडळ ऊस उत्पादक निवडून देतात. पण त्याच पैशातून उभ्या राहिलेल्या शिक्षण संस्था बहुतेक ठिकाणी स्वतंत्र न्यासाच्या ताब्यात गेल्या आणि कित्येक न्यास एकेका घराण्याचे झाले. टनामागे पैसे देणाऱ्या सभासदाला त्या कॉलेजात काय शिकवावे हे सांगण्याची जागाच राहिली नाही. 1983 पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली आणि उसाच्या पट्ट्यात ती भराभर निघाली. त्यांतून शिकलेली मुले पुण्याला, हिंजवडीला, पुढे परदेशी गेली. त्यांच्या घरांचे भले झाले हे मी मनापासून मान्य करतो. पण त्याच परिसरात ठिबक दुरुस्त करणारा, माती परीक्षणाचा अहवाल समजावून सांगणारा, शीतगृहाचे यंत्र सांभाळणारा, ऊसतोडणी यंत्र चालवणारा माणूस आजही सहज मिळत नाही.

आणि ज्यांच्या श्रमावर हे सगळे उभे आहे त्या ऊसतोड कामगारांसाठी यात काहीच नाही. बीडकडून हंगामाला येणारी जोडपी सहा महिने फडावर राहतात, मुलांची शाळा अर्धवट राहते. तोडणी यंत्रे वाढत आहेत. कोयता हातातून जाईल तेव्हा तिशीतल्या त्या जोडप्याला कोण काय शिकवणार आहे? कॅनापोलिसला जे गिरणी बंद झाल्यावर घाईघाईने करावे लागले ते इथे आधीपासून, हंगाम नसलेल्या महिन्यांत, करता येण्यासारखे आहे.

काम आणि शिक्षण यांच्यातली भिंत पाडण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न महाराष्ट्रात कुठे झाला असेल तर तो शिरूर तालुक्यातल्या पाबळला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये या अवर्षणप्रवण गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मागे पडलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम त्यांनी बांधला. त्यात वर्कशॉप आणि बांधकाम, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य असे चार विभाग, आणि प्रत्येक मुलाने चारही करायचे. गावात ज्या मुलाला एकच काम येते त्याला वर्षभर पुरेल इतके काम मिळत नाही, हे कलबागांनी बरोबर जाणले होते.

त्यांचा दुसरा मुद्दा याहून मोलाचा. मुलांनी केलेले काम खरे असावे आणि त्याचे पैसे गावकऱ्यांनी द्यावेत. लोखंडी दार, शेड, विहिरीसाठी भूगर्भातल्या पाण्याची विद्युत रोधकतेने केलेली पाहणी, रक्तगट तपासणी, ही सगळी कामे मुले लोकांसाठी करत. काम बिघडले तर गिऱ्हाईक बोलणार, आणि त्या बोलण्यातून जे शिकायला मिळते ते प्रात्यक्षिकाच्या वहीतून मिळत नाही. शिक्षणाचा खर्चही त्यातून काही अंशी निघतो. त्या आवारात 2002 मध्ये अमेरिकेच्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, आली, आणि ती जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक होती. कलबाग 2003 मध्ये गेले. काम आजही चालू आहे आणि त्यातला मूलभूत तंत्रज्ञानाचा भाग माध्यमिक शाळांपर्यंत पोचला आहे. मात्र तालुक्यातालुक्याला एक पाबळ झाले नाही. एक वर्ष शिकून कारागीर झालेल्या मुलाला पुढे पदवीकडे नेणारी सरळ शिडी विद्यापीठांनी बांधली नाही, म्हणजे गारगोटीचीच अडचण नव्याने आली.

'कम्युनिटी कॉलेज' हे नाव घेऊन देशात पहिले काम 1995 मध्ये पुदुच्चेरीत झाले, पाठोपाठ चेन्नईत. 2013 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याची देशव्यापी योजना केली आणि महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांनी ती घेतली. स्थानिक उद्योगाशी करार, प्रमाणपत्र ते पदविका असे टप्पे, श्रेयांक साठवण्याची सोय, असा तिचा आराखडा चांगला होता. पैसा मात्र बाराव्या पंचवार्षिक योजनेतून येणार होता, आणि ती योजना मार्च 2017 मध्ये संपली. ज्या कॉलेजांत शिक्षक ठरावीक मुदतीवर नेमले होते तिथे अभ्यासक्रम त्या मुदतीपुरतेच राहणार हे उघड होते. त्यानंतर राज्याने ऑक्टोबर 2023 मध्ये 511 गावांत प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे आणि 2024 मध्ये एक हजार कॉलेजांत कौशल्य केंद्रे जाहीर केली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणाप्रमाणे दरमहा 6, 8 किंवा 10 हजार रुपये विद्यावेतन ठरले. यातून काही मुलांना कामाची पहिली ओळख होईल आणि ती होणे चांगलेच. पण केंद्राची संख्या मंत्रालयात ठरते, अभ्यासक्रम देशभरच्या यादीतून निवडला जातो, आणि निधी थांबला की केंद्र थांबते. तालुक्यातल्या कुणाला त्याबद्दल काही म्हणायचे असेल तर ते कुणाकडे म्हणायचे, याची सोय त्यात नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मुळे श्रेयांक जमा ठेवण्याची व्यवस्था आता आली आहे, आणि गारगोटीला आणि पाबळला जी शिडी मिळाली नाही ती बांधणे आज शक्य आहे. राहतो प्रश्न पैशाच्या आणि अधिकाराच्या जोडणीचा. त्याची सुरुवात ऊस बिलापासून करता येईल. टनामागे शिक्षणासाठी कापलेली रक्कम कोणत्या कॉलेजला आणि कोणत्या अभ्यासक्रमाला गेली, हे सभासदाच्या पावतीवर छापावे आणि वार्षिक सभेत त्यावर चर्चा व्हावी. अशा कॉलेजांच्या नियामक मंडळांवर ग्रामपंचायती, महिला बचत गट, दूध संस्था, ग्रामीण रुग्णालय आणि एस.टी. आगार यांचे प्रतिनिधी मताच्या अधिकारासह असावेत. दुपारनंतर मोकळ्या पडणाऱ्या वर्गखोल्या आणि कार्यशाळा संध्याकाळी तिशी-चाळिशीतल्या माणसांसाठी उघडाव्यात. वर्ग सुटण्याची वेळ शेवटच्या एस.टी.शी जुळवावी आणि आगारप्रमुख मंडळावर असेल तर ती जुळेलही. हंगाम संपवून मे महिन्यात परतणाऱ्या ऊसतोड कुटुंबांसाठी बीडच्या कॉलेजांनी जून ते ऑक्टोबर असे वेगळे सत्र आखावे, आणि त्यांना पैसा पुरवण्याची पहिली जबाबदारी त्यांच्या श्रमाने चालणाऱ्या कारखान्यांवर टाकावी.